चौदा महिने कपाटात

माझा मामा परराष्ट्र खात्याच्या करार विभागात बाइंडर होता. दोन देशांत करार झाला की कागद शिवायचे, रेशमी फीत ओवायची, गाठीवर लाख ओतून सरकारी शिक्का दाबायचा, एवढंच त्याचं काम. पण ऐट अशी, की जगाचा कारभार याच्याच सुईदोऱ्यावर चाललाय. घास हातात धरून सांगायचा, "देश लहान असो की मोठा, करारात दोघांची खुर्ची सारखी. दिलेला शब्द पाळायचा, हा पहिला कायदा." आई म्हणायची, परवा येतो म्हणून गेलेला माणूस महिन्याने उगवतो आणि आम्हाला शब्द शिकवतो.

आई त्याची थोरली बहीण. सरहद्दीजवळच्या मोजणी चौकीवर नोकरीला. दर तीन तासांनी नदीकाठच्या पट्टीवर पाणी किती चढलं ते बघायचं आणि फोनवर कळवायचं. धरण वरच्या देशात. दरवाजे उघडण्याआधी सहा तास चौकीला फोन करू, असा करार त्यांनी केला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला.

पण नुसत्या सहीने भागत नाही. दोन्ही संसदांनी मान्यता द्यायची, मग त्या मान्यतेचे कागद एकमेकांच्या हाती द्यायचे, तेव्हा करार लागू. मान्यता झाली. वरच्या देशाचा कागद तयार होता. आमचाही मामाने शिवून, शिक्का मारून ठेवला. आमच्या मंत्र्यांना मात्र हा सोहळा नव्या दालनातच हवा होता, आणि त्या दालनाची फरशी काही बसून होईना. कागद चौदा महिने मामाच्या कपाटात पडून राहिला.

पंधराव्या महिन्यात भर दुपारी पाणी आलं. आई पट्टीजवळ होती. चौकीतला फोन धडधाकट होता, तो वाजलाच नाही. तिसऱ्या दिवशी ती बरीच खाली सापडली.

वरचा देश म्हणाला, करार लागू कुठे होता? आमचे वकील म्हणाले, करार नसला तरी शेजाऱ्याला बुडवू नये ही जुनी रीत आहे, आणि देशादेशांत रीत हाही कायदाच. मग जा की कोर्टात, असं मी म्हटलं. तर तिथे जायला समोरच्याचीही संमती लागते म्हणे. म्हणजे चोराला विचारून फौजदार बोलवायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौकशी लागली. उपसचिवांनी मामापुढे तयार जबाब सरकवला: बांधणी रेंगाळल्यामुळे उशीर झाला. सही केली तर पेन्शनला धक्का नाही. मामाने सही केली नाही. समितीपुढे म्हणाला, "बांधणी पाच दिवसांत झाली होती. मग कागद माझ्याच कपाटात होता. रोज त्याची धूळ पुसत होतो. साहेबांना कोण विचारणार, म्हणून गप्प बसलो."

त्याला घरी बसवलं. उपसचिवांना बढती मिळाली. फरशी बसली, सोहळा झाला, फोटोत मंत्री हसत होते.

परवा मामा दाराशी आला. खरं बोलला म्हणून लोक त्याला मानतात. मानू देत. त्या चौदा महिन्यांत तो आईकडे दहा वेळा तरी जेवला. पट्टीपाशी उतरताना ती कमरेला दोर बांधायची. करार झाल्यावर तिने दोर सोडला, "आता फोन येणार आहे ना," असं त्याच्या पानात वाढता वाढता त्यालाच म्हणाली. तो जेवत राहिला.

मी त्याला पाणी दिलं. आत ये म्हणाले नाही.