मल्लम्माचं तिसरं गाडगं

चौसाळ्यात गुरुलिंग वाण्याचं गूळ, तेल आणि मिठाचं दुकान होतं. दुकान बरं चालायचं, पण गुरुलिंगचा हात त्याहून जोरात चालायचा. केजच्या बाजारातून गूळ आणायला गेलेला हा माणूस गुळाबरोबर काहीतरी भलतंच घेऊन परत यायचा. एकदा रुमी टोपी आणली. ती डोक्यावर बसेना, म्हणून शेवटी तिच्यात लसूण ठेवला. एकदा बोलणारा पोपट आणला. पोपट बोलायचा खरा, पण नुसतं तेलुगू.

त्याची बायको मल्लम्मा भांडखोर नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "आवं, काय म्हंतोय ह्यो?"

"काय म्हाईत," गुरुलिंग म्हणाला. "पर लई ग्वाड बोलतोय."

मल्लम्मानं विचार केला. सासूनं हयातभर ह्या माणसाला "घेऊ नको" म्हणून बघितलं होतं, आणि हा घेतलेल्या वस्तू कडब्यात लपवायला शिकला होता. म्हणजे मनाई करण्यात हशील नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती सटवा कुंभाराकडं गेली आणि तीन गाडगी घेऊन आली.

दिवेलागणीला दुकानाचा गल्ला तिनं पुढ्यात ओतला. मोठा वाटा पहिल्या गाडग्यात गेला. ते घरखर्चाचं आणि दुकानात माल भरायचं. दुसरं अडीनडीचं. ते तिनं आढ्याला असं उंच टांगलं, की काढायचं तर शेजारच्या शहादेवची शिडीच आणावी लागावी. शिडी मागायची म्हणजे कारण सांगणं आलं. सांगायला लाज वाटेल अशा कारणासाठी ते गाडगं कधी खाली आलं नाही. तिसरं, तांब्याएवढं, तिनं नवऱ्याच्या बैठकीपाशी ठेवलं.

"हे कशाचं?" गुरुलिंगनं विचारलं.

"यडपणाचं. रोज ह्यात थोडं पडंल. त्यातनं कायबी घ्या, हत्ती घ्या. मी कावून म्हणून इचारणार न्हाई. पर यडपण ह्यातनंच करायचं, आन पाडव्याच्या आत गाडगं रिकामं झालं पायजे."

गुरुलिंगला वाटलं, बायको भोळी आहे.

पुढच्या बाजारी तो गाडग्यातले पैसे कमरेला लावून केजला गेला. एका अत्तरवाल्यानं त्याच्या मनगटावर हिना लावला. एरवी त्यानं कुपी घेतलीच असती. पण गल्ल्यातला पैसा कुणाचाच नसतो, हा मात्र त्याचा स्वतःचा होता. 'ह्या वासाला आपलं यडपण खर्चावं का?' असा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा पडला. तो मनगट हुंगत हुंगत रिकाम्या हातानं घरी आला.

मग हे वाढतच गेलं. चांदीच्या मुठीची काठी बघितली, नको वाटली. खिशातलं घड्याळ बघितलं, ते बंद निघालं. रुमी टोपी घेणारा माणूस आता काडेपेटीलासुद्धा दोन दुकानं फिरू लागला. माघ सरला तरी गाडगं गळ्यापर्यंत भरलेलंच.

मल्लम्मा तगादा लावू लागली. "आवं, पाडवा आलाय. यडपण करा कायतरी."

"सुचंना गं."

"तवा बरं सुचायचं."

"तवा गल्ल्याच्या पैशावर सुचायचं," गुरुलिंग प्रामाणिकपणे म्हणाला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मल्लम्मा, आगीनगाडीत बसशील का?"

येडशीवरून लातूरला छोटी आगीनगाडी जायची. येडशीपर्यंत बैलगाडीनं दीड दिवस. आढ्याच्या गाडग्यात महिन्याचं टाकायला आणलेली शिडी शहादेवला परत करायची होती, ती द्यायला गेली तेव्हा मल्लम्मानं बेत सांगितला.

"लातूरला कोण हाय तुमचं?" शहादेवनं विचारलं.

"कुणी न्हाई."

"मग माल आणायचा हाय?"

"न्हाई. बसायचं, जायचं, आन परत यायचं."

शहादेवनं शिडी भिंतीला टेकवली आणि मल्लम्माच्या तोंडाकडं बघत राहिला.

गाडी सुटली तेव्हा मल्लम्मानं दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. थोड्या वेळानं एक हात सोडला, मग दुसरा, आणि मग खिडकीतून डोकं बाहेर काढून एका शेतकऱ्याला ओळख नसताना हात केला. त्यानंही केला. तिच्या डोळ्यात कोळशाचा कण गेला, तरी तिनं डोकं आत घेतलं नाही. लातूरला दोघांनी भजी खाल्ली आणि लगेच परतीची तिकिटं काढली.

गावानं महिनाभर हसून घेतलं. मग बायका एकेक करून गाडग्यांविषयी विचारायला येऊ लागल्या. सटवा कुंभार तर गिऱ्हाइकाला न विचारताच तीन गाडगी पुढं मांडू लागला.

काही वर्षांनी दोन पावसाळे लागोपाठ कोरडे गेले. गिऱ्हाईक आटलं. आता शहादेव स्वतःच शिडी घेऊन आला, कारण विचारलं नाही. आढ्याच्या गाडग्यावर घर तगलं आणि दुकानाची फळी रोज उघडत राहिली.

"औंदा यडपण बंद करू," गुरुलिंग म्हणाला.

"बंद केलं की माणूस चोरून करतंय," मल्लम्मा म्हणाली. "कमी टाका, पर टाका."

त्या वर्षी पाडव्याला गाडग्यात तीन आणे निघाले. त्याच दिवशी एक बहुरूपी गावात आला. त्या दिवसांत कुणी दारात उभं करत नव्हतं, म्हणून तो सोंग न काढताच चालला होता. मल्लम्मानं त्याला हाक मारली, भाकरी वाढली आणि तीन आणे हातावर ठेवले.

"जमादार करा," ती म्हणाली. "आन ह्यांना धरा."

बहुरूप्यानं मिशी चिकटवली, पट्टा आवळला आणि दुकानासमोर उभा राहून गुरुलिंगवर गुन्हा वाचला. ह्या इसमानं सरकारी पोपटाला मराठी शिकवण्यात कसूर केली आहे, सबब त्याला चावडीवर हजर करावं. हे पोपटाचं त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. गुरुलिंगनं निमूट हात पुढं केले. बहुरूप्यानं ते सुतळीनं बांधले आणि त्याला पेठेतून मिरवत नेलं. महिनोन्‌महिने सुतकी तोंडानं बसलेली माणसं दारादारांतून बाहेर आली. शहादेव जामीन राहायला धावला, तर जमादारानं त्यालाही धरलं.

मल्लम्मा दुकानाच्या पायरीवर बसून हसत होती. पदर तोंडात कोंबून बघितला, तरी हसू आवरेना. शेवटी तिनं पदर सोडून दिला.