रोज परदेशी जाणारा नवरदेव

ती तक्रार आठवली की आजही मला हसू येतं. तेव्हा मी झाशीच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. इतक्यात आमच्याच मराठी समाजातले एक निवृत्त कारकून धापा टाकत आत आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. भाऊ गेल्यावर तिला त्यांनीच वाढवलं होतं.

"दरोगाजी, मुलगा फसवतोय," ते म्हणाले. "राहतो व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियात. नोकरी ब्रातिस्लाव्हाला, म्हणजे स्लोव्हाकियात. म्हणतो, रोज जातो आणि रात्री जेवायला घरी येतो. असं कोणी रोज परदेशी जातं का? काल पासपोर्ट पाहिला. स्लोव्हाकियाचा एकही ठप्पा नाही!"

परदेशी नवरदेवांनी फसवल्याची प्रकरणं मी हाताळली होती, म्हणून त्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करायचं ठरवलं. साध्या वेशातला शिपाई पाठवून नवरदेवाला आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या मित्राला बोलावून घेतलं. नवरदेवाच्या कानामागे हळद तशीच होती.

दोघांना वेगवेगळं बसवलं. नवरदेवाने कागद दाखवले, पण ते जर्मन आणि स्लोव्हाक भाषेतले. ठाण्याची लिखापढी पाहणाऱ्या आमच्या मुन्शीजींनी ते उलटसुलट करून परत दिले. शेवटी मी म्हटलं, "ते राहू दे. ऑफिसला कसा जातोस तेवढं सांग."

माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा आपल्या प्रवासाचं कौतुक सांगतो आणि रोज जाणारा कुरकुर करतो.

"साहेब, गाडीला तासभर लागतो, त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण उतरल्यावर बस चुकली की थंडीत कुडकुडत उभं राहायचं. दोन्ही देशांमधली सरहद्द खुली, ठप्पा मारायला कोणी नसतं. पण फोनवर रोज तोच मेसेज येतो, स्लोव्हाकियात आपलं स्वागत आहे. वैताग येतो हो!"

त्याने फोन पुढे केला. मी बोटाने वर वर सरकवत राहिलो, तरी स्वागत संपेना. पलीकडच्या खोलीत मित्रानेही न विचारता त्याच बसच्या नावाने खडे फोडले. माझी खात्री पटली.

तेवढ्यात वधूच ठाण्यात शिरली.

"काका, गजब करता तुम्ही! मला विचारायचं तरी. तुम्ही रोज दतियाला नोकरीला जात होता ना? आपण उत्तर प्रदेशात, दतिया मध्य प्रदेशात. तुम्हाला कोणी ठप्पा मारला?"

मी नकाशा पाहून सांगितलं, "व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा अंतर म्हणाल तर इथून आपल्याच जिल्ह्यातल्या मऊरानीपुरएवढंच आहे, जरा इकडेतिकडे."

"म्हणजे हा मऊरानीपुरला नोकरी करतो म्हणायचा!" काका उद्गारले, आणि पहाऱ्यावरच्या शिपायालाही हसू आवरेना. मग त्यांनी नवरदेवाचा हात धरला. "जावईबापू, पोरीसाठी घाबरलो होतो."

"काका, तुमच्या जागी मी असतो तर मीही ठाण्यातच आलो असतो," तो म्हणाला. काकांचे डोळे भरून आले.

संशय दरवेळी वैरातून येत नाही, कधी तो मायेपोटीही येतो, आणि अशा माणसाला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, हे मी त्या दिवशी शिकलो. अर्जावर शेरा लिहिला, 'चौकशीअंती तक्रारीत तथ्य आढळले नाही.' नोकरीत हा शेरा मी कितीदा तरी लिहिला असेल. पण तो लिहून दुसऱ्या दिवशी निम्म्या ठाण्यासह अक्षता टाकायला गेलो, असं एकदाच झालं.