पडद्यावरची थप्पड आणि खारकर सर

गेल्या रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता खारकर सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथ समितीचे चिटणीस माझ्या घरी चहा पिता पिता म्हणाले, "बाई, लेखातलं ते तंबूतल्या सिनेमाचं गाळा. सरांनी पनवेलला सिनेमाच्या नादापासून वाचवलं, एवढंच लिहा." चहा मी त्यांना पुरा पिऊ दिला. लेखातले मात्र काहीही गाळलेले नाही.

मी नन्सच्या शाळेत शिकले. तिथे सिनेमा म्हणजे पाप. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पनवेलला शिक्षिका म्हणून आले, तेव्हा खारकर सर आमच्या शाळेत मराठी शिकवीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारले, "न पाहताच पाप कसं ठरवलंत?" एकटी बाई तंबूतल्या खेळाला गेली तर गाव बोलेल, हे ओळखून त्यांनी माईंना, आपल्या पत्नीला, माझ्या सोबतीला दिले. स्वतः मधल्या कापडी कनातीपलीकडे पुरुषांत बसले.

त्या खेळात नायकाने बायकोच्या थोबाडीत मारली आणि तंबू गरजला, "वन्स मोअर!" एरवी ही दाद गाण्यांना मिळे. तंबूच्या मालकाने रीळ मागे घेऊन थप्पड पुन्हा दाखवली.

दुसऱ्या दिवशी सरांनी वाचनालयाच्या ओट्यावर चर्चा ठेवली. जासईच्या मिठागरात काम करणारे रामा पाटील म्हणाले, "शिनेमाच हाय, मास्तर. खरं कुनाला लागलं नाय."

"मग परत का हवी होती?"

"बरं वाटलं."

मी फणकारले, "बायकोला विचारलंत?"

"ती तितंच व्हती, बाई. माज्यापेक्षा तीच मोठ्यानं वरडली!"

सगळे हसले. सर हसले नाहीत. पायरीशी बसलेल्या रामांच्या पत्नीला त्यांनी विचारले, "का हो, वहिनी?"

"येक दिस तरी दुसरीला बसली, मास्तर."

सरांचा पुढचा सारा अभ्यास या वाक्यावर उभा आहे. टाळी कशाला पडते, तिने कोणाला दिलासा मिळतो आणि त्या दिलाशावर तिकिटे कोण विकतो, हे ते वर्षानुवर्षे प्रेक्षकांनाच विचारत राहिले. प्रतिष्ठितांनी तंबू उठवण्यासाठी सह्या मागितल्या, तेव्हा सरांनी नकार दिला. "तंबू उठेल. थप्पड घरीच राहील," ते म्हणाले.

आणि आता पंचाहत्तरीला त्याच सरांना तंबू उठवणाऱ्यांच्या रांगेत बसवायचे?

सरांना उदंड आयुष्य लाभो, डोळे धड राहोत आणि आम्हांला अडचणीत टाकणारे प्रश्न त्यांना सुचत राहोत. लेख जसाच्या तसा छापणार की नाही, हे समितीने शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. वहिनींचे वाक्य गाळायचे असेल, तर आधी माझे नाव गाळा.