सासुरवाडीला कोळसा

कंप्युटरवर रेल्वे कंपनी चालवायचा एक गेम मी खेळतो. रूळ टाकायचे, गाड्या सोडायच्या, नफा कमवायचा. स्टेशनांना नावं आपणच द्यायची. सगळ्यात झकास स्टेशनाला मी आमच्या घरावरून चारकोप नाव दिलं आणि खाणीजवळच्याला विक्रोळी. विक्रोळी माझी सासुरवाडी. पण आईशपथ, तेव्हा ते डोक्यात नव्हतं.

रविवारी बायको चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"चारकोपला एक्स्प्रेस, आणि माझ्या माहेरी कोळशाची गाडी?"

"अगं, तिथे खाण आहे ना!"

"बाबा येतायत जेवायला. त्यांना दाखव हं."

चहा तिच्याच हातातून परत गेला.

मी घाबरून कोळशाची गाडी बंद केली आणि विक्रोळीला एकामागून एक एक्स्प्रेस सोडल्या. खाणीत प्रवासी कुठून येणार? गाड्या रिकाम्या धावल्या आणि जेवणाची पानं घ्यायच्या आत कंपनीची वाट लागली.

सासरे कारखान्यातून रिटायर झालेले. ते चष्मा सावरत स्क्रीनजवळ आले.

"बाबा, विक्रोळीला सगळ्या एक्स्प्रेस!" मी ऐटीत सांगितलं.

"आणि एवढा कोळसा पडून? जावईबापू, ही अक्कल कुणाची?"

मी बायकोकडे पाहिलं.

"मी नकोच म्हणत होते, बाबा," ती म्हणाली, "पण हा ऐकतो कुठे!"

सासऱ्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. संध्याकाळपर्यंत विक्रोळीचा कोळसा धडाधड निघाला आणि कंपनी वाचली. आता दर रविवारी कंपनी तेच चालवतात. चहाही त्यांनाच मिळतो, आणि तो करायचं काम माझ्याकडे आलंय.