वेलांटीचं शुद्धिपत्र

तो पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरला तो जिन्यात. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास तळमजल्यावरची शिवणकाम करणारी बाई शिवलेले पडदे द्यायला वर निघाली, तर तिसऱ्या पायरीवर एक चष्मेवाला माणूस बसलेला. मांडीवर पावणेदोन वर्षांची मुलगी, गुडघ्यावर कागदांची चळत, कानावर लाल पेन. एका सुरात तो मोठ्याने वाचत होता, "अपचन स्वल्पविराम आंबट ढेकर स्वल्पविराम आणि पोट फुगणे ही त्याची लक्षणे होत पूर्णविराम." मुलगी अंगाई ऐकावी तशी ऐकत होती.

"जरा वाट देता का?" बाई म्हणाली.

"या ना स्वल्पविराम या," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

बाईने त्या दिवशी चार घरी पडदे पोचवले आणि चारही घरी ही हकिगत पोचवली.

तो मुद्रितशोधक होता. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याचे कच्चे कागद, म्हणजे प्रूफं, वाचून त्यातल्या चुका शोधायच्या, हे काम तो चौदा वर्षं करत होता. छापखान्यात त्याला सगळे नुसतं ‘शोधक’ म्हणत. "म्हणे शोधक. समोर ठेवलेला चमचा दिसत नाही," असं बायको म्हणे, आणि ते खरं होतं. चमच्यावर काही छापलेलं नसतं.

छापखान्यात एक जण मूळ मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा आणि शोधक प्रूफावर नजर ठेवायचा. घरी वाचणाराही तोच आणि बघणाराही तोच. ऐकायला तेवढी मुलगी होती. तिच्या कपाळावर केसांचा एक आकडा सतत उतरलेला असायचा, म्हणून तो तिला वेलांटी म्हणे. ती बसायची फक्त जिन्यात. घरात ती बसत नसे. घरात तिला कामं असत.

तो घरी का होता, त्याची गोष्ट साधी आहे. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिची रजा संपली आणि मुलीकडे कोण बघणार, हा प्रश्न येऊन उभा राहिला. सासूबाईंकडे उत्तर तयार होतं. त्या बसने सहा तासांवर राहत. "वर्षभर माझ्याकडे राहू दे. सणासुदीला या, बघून जा," त्या फोनवर म्हणाल्या.

"मी घरी बसून काम करीन," शोधक म्हणाला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, कारण सासूबाईंच्या बोलण्यात तो सहसा बोलत नसे.

"जावईबापू मुलीला सांभाळणार, म्हणजे मुलगी जावईबापूंना सांभाळणार," सासूबाई म्हणाल्या. "बरं. एक आठवडा. शनिवारी मी येते. जमलं नसेल तर पोरीला घेऊनच जाईन."

छापखान्याच्या मालकांनीही तेवढंच सांगितलं. एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं आरोग्याचं पुस्तक त्यांनी त्याच्या हातात दिलं. "आठवडाभर घरून वाचून बघा. चूक राहिली नाही तर पुढे बोलू. राहिली, तर सोमवारी तुमची खुर्ची आहेच इथे." म्हणजे एका पुस्तकातल्या चुकांवर मुलगी घरी राहणार की सहा तास दूर जाणार, हे ठरायचं होतं. शोधकने ते पुस्तक पिशवीत न ठेवता छातीशी धरून घरी आणलं.

सोमवारी जिन्यात तेवीस पानं झाली. दुपारी वेलांटीने केळं खाल्लं, उरलेलं अर्धं चष्म्याच्या घरात नीट ठेवून झाकण लावलं, आणि ताटली ढकलून म्हणाली, "विलाम." शोधकला कळायला क्षणभर लागलं. सकाळपासून तिने ‘विराम’ हा शब्द दोनशे वेळा तरी ऐकला होता, आणि तो आला की बाबा श्वास घेतो, हे तिने हेरलं होतं. त्या दिवसापासून जेवण संपलं की विलाम, अंघोळ संपली की विलाम, आणि पाहुणे कंटाळवाणे असले तर ते बसलेले असतानाच विलाम.

तिचा शब्दसंग्रह तोपर्यंत चांगला वाढला होता, फक्त तो इतर कोणाच्या कामाचा नव्हता. चपलेला बुच. दाराला ठो. पेनाला टुक. पंखा, पाखरू आणि विमान या तिघांना मिळून काऊ. पाण्याला पापी. मुलगी तिच्या परीने मराठीच बोलत होती, शोधकही तिच्याशी मराठीच बोलत होता, आणि हळूहळू दोघांची मराठी एकमेकींना लागत चालली होती. "पापी सांडलंय, पाय जपून टाक," असं तो बायकोला सहज म्हणून गेला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि पाय जपून टाकला.

मंगळवारी त्र्याहत्तर ते शहात्तर ही पानं सापडेनात. शोधकने टेबलाखाली, गादीखाली, चपलांच्या मांडणीत शोधलं. वेलांटी त्याच्या मागोमाग फिरून शोधायला मदत करत होती. शेवटी पानं बादलीत मिळाली, बापाच्या मोज्यांबरोबर भिजत घातलेली. त्याने ती बाल्कनीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. ते बद्धकोष्ठाचं प्रकरण होतं. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी चष्मा लावून ते तिथूनच वाचलं आणि ओरडून विचारलं, "पुढचं पान कधी?"

"वाळलं की," शोधक म्हणाला.

बुधवारी एकशे बाराव्या पानावर एक शब्दच गळलेला सापडला. ‘प्रौढ व्यक्तीने दिवसातून किमान आठ ग्लास प्यावे,’ एवढंच वाक्य. काय प्यावं ते अक्षरांची जुळणी करणाऱ्याच्या बोटातून निसटलं होतं. शोधकला समाधान वाटलं. अशी चूक सापडली की दिवस सार्थकी लागतो. त्याने ‘ग्लास’च्या पुढे हंसपद काढलं, म्हणजे इथे शब्द घाला अशी खूण. तेवढ्यात वेलांटी त्याची बाही ओढायला लागली. "बाबा, पापी. पापी. बाबा, पापी."

"देतो, देतो," म्हणत त्याने समासात सुवाच्य अक्षरात शब्द लिहिला, त्याभोवती गोल काढला, आणि उठून तिला पाणी दिलं. दोघांचंही काम झालं. "विलाम," वेलांटी म्हणाली.

गुरुवारी पुस्तक वाचून संपलं. मुलीला कडेवर आणि गठ्ठा काखेत घेऊन तो छापखान्यात जाऊन आला. मालकांनी चष्मा वर करून मुलीच्या कपाळाकडे पाहिलं.

"वेलांटी म्हणतात ती हीच का? ऱ्हस्व की दीर्घ?"

"सध्या ऱ्हस्व."

"दीडशे पानं, आणि चार दिवसांत?" मालकांनी गठ्ठा चाळला. दुरुस्त्या नेमक्या होत्या, अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं होतं. चार पानं मात्र कुरकुरीत लागत होती आणि त्यांना साबणाचा वास येत होता. शोधक परत निघाला तेव्हा त्याची चाल थोडी उड्या मारणारी होती, असं चहा देणाऱ्याने नंतर सांगितलं.

शुक्रवारी दुपारी फोन आला.

"उद्या घरी आहात ना?" मालकांनी विचारलं. "येऊन जातो. एक दाखवायचंय."

"चूक राहिली का?"

"राहिली असं म्हणता येणार नाही," मालक म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चौदा वर्षांत मालक कधी त्याच्या घरी आले नव्हते. शोधक बराच वेळ फोनकडे बघत बसला. मग झोपलेल्या मुलीकडे बघत बसला. आणि मग, काहीच सुचत नसलं की माणूस आपल्याला येतं तेच करतो, तसं त्याने एक कोरा कागद घेतला, मधोमध रेघ मारली, डावीकडे ‘अशुद्ध’ आणि उजवीकडे ‘शुद्ध’ असं लिहिलं, आणि वर मथळा दिला: शुद्धिपत्र. सासूबाईंनी मुलीला नेलं तर तिचं बोलणं त्यांना कळायला हवं. बुच म्हणजे चप्पल. ठो म्हणजे दार. दोनदा म्हटल्यास दार बंद करा. काऊ म्हणजे उडणारं काहीही. विलाम म्हणजे पुरे, आग्रह करू नये. एकूण एकेचाळीस शब्द झाले. तो कागद त्याने तीनदा तपासला आणि मुलीच्या कपड्यांच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवला. पिशवीही त्यानेच भरली होती.

शनिवारी सकाळी बायको कामावर गेली, आणि अकराला सासूबाई आल्या. त्यांनी आल्या आल्या घरावर नजर फिरवली. फरशी पुसलेली होती. मुलगी न्हायलेली होती. चष्म्याच्या घराला केळ्याचा वास होता, पण तिथवर त्या गेल्या नाहीत.

"पोरगी वाळली नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाळलात."

शोधकने शुद्धिपत्र त्यांच्या हातात दिलं. सासूबाईंनी ते उभ्याउभ्याच सगळं वाचलं. "हे काय, पोरीबरोबर चिठ्ठी? सामान देतात तशी?"

"तिचं बोलणं कळावं म्हणून."

"माझी चार मुलं बोलायला लागली ती चिठ्ठीशिवाय," सासूबाई म्हणाल्या, पण कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला नाही. हातातच ठेवला.

तेवढ्यात मालक आले. त्यांनी सासूबाईंना नमस्कार केला, खुर्चीवर बसले, आणि पिशवीतून एकच पान काढून शोधकसमोर ठेवलं. एकशे बारा.

"हे अक्षर तुमचंच ना?"

शोधकने वाचलं. ‘प्रौढ व्यक्तीने दिवसातून किमान आठ ग्लास’, हंसपद, आणि समासात लाल शाईत, गोलात, मोत्यासारखं: ‘पापी’.

त्याने पुन्हा वाचलं. त्याला चूक दिसेना. तिसऱ्यांदा वाचताना दिसली, आणि तो कानावरचं लाल पेन चाचपू लागला.

"जुळणी करणाऱ्याने इमानेइतबारे तेच घातलं," मालक म्हणाले. "तो म्हणाला, शोधकांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. त्यांचा फोन आला, की आठ हे प्रमाण आपण कुठल्या आधारावर ठरवलंत."

सासूबाईंनी मान लांब करून पान वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी पदर मात्र तोंडाला लावला.

"प आणि ण दिसायला जवळचे," मालक पुढे म्हणाले. "दुसऱ्याच्या हातून झालं असतं तर मी समजलो असतो. पण तुमच्या? चौदा वर्षांत? घरी लक्ष लागत नाही, याचा दुसरा काय अर्थ घ्यायचा मी?"

शोधकने पान उलटं करून पाहिलं. खरं काय ते सांगायला त्याला स्वतःला कळायला हवं होतं. सासूबाई कपड्यांच्या पिशवीकडे बघू लागल्या.

त्याच वेळी वेलांटी आतून आली आणि आजीचा गुडघा धरून म्हणाली, "पापी."

"ये गं माझी बाई," म्हणत सासूबाईंनी तिला उचललं आणि गालाची पापी घेतली.

वेलांटीने गाल पुसला. "पापी."

सासूबाईंनी दुसऱ्या गालाची घेतली. वेलांटीने दोन्ही हातांनी आजीचं तोंड दूर ढकललं आणि आवाज चढवला. "पापी! पापी!"

"अगं, देते तर आहे. किती घेशील?" सासूबाई गोंधळल्या. त्यांनी हातातला कागद चष्म्याजवळ नेऊन वरून खालपर्यंत पाहिला. "यादीत नाही हे."

शोधक सवयीने उठला, स्वयंपाकघरात गेला आणि ग्लासभर पाणी घेऊन आला. वेलांटी दोन्ही हातांनी ग्लास धरून ते गटागट प्यायली आणि ग्लास परत देत म्हणाली, "विलाम."

मालकांनी ग्लासाकडे पाहिलं, मग एकशे बाराव्या पानाकडे, मग पुन्हा ग्लासाकडे.

"अस्सं," ते म्हणाले. "म्हणजे चूक लक्षाची नाही. भाषांतराची आहे." पान त्यांनी पिशवीत घातलं. "आणि हे विलाम काय?"

"पूर्णविराम," सासूबाईंनी यादी न बघता सांगितलं.

मालकांनी चष्मा वर करून वेलांटीकडे पाहिलं. त्यांच्या छापखान्यात विरामचिन्हांची जाण असलेली माणसं दोनच होती, आणि दुसरे ते स्वतः. "घरूनच वाचा," ते उठत म्हणाले. "फक्त प्रत्येक प्रूफ दोनदा. दुसरं वाचन ही झोपल्यावर."

ते गेल्यावर शोधकने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर शुद्धिपत्र होतं.

"एकेचाळीस शब्द लिहिलेत, आणि पोर तहानेने रडेल तो शब्द राहिला," त्या म्हणाल्या.

"पापी अशुद्ध आहे हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं."

"तेच म्हणते मी. यादी अपुरी आहे. अपुऱ्या यादीवर मूल नेता येत नाही." त्यांनी कपड्यांची पिशवी उघडली आणि एकेक झबलं काढून परत कपाटात ठेवायला लागल्या. "पूर्ण करून ठेवा. पुढच्या खेपेला बघू."

दुपारी बायको घरी आली तेव्हा तिची आई जेवून आडवी झाली होती, मुलगी तिच्या कुशीत झोपली होती, आणि नवरा टेबलाशी बसून कागदाच्या तळाशी बेचाळिसावा शब्द लिहीत होता.

"काय ठरलं?" तिने हळू आवाजात विचारलं.

"यादी अपुरी आहे," शोधक म्हणाला.

सासूबाई नंतर पुष्कळदा आल्या. दर खेपेला त्यांनी यादी मागितली, आणि दर खेपेला तिच्यात दहावीस शब्द नवे आणि तितकेच खोडलेले असत, त्यामुळे ती कधी पूर्ण झाली नाही.

वेलांटी आता साडेचार वर्षांची आहे. ती बालवाडीत जाते आणि पाण्याला पाणी म्हणते. शोधक अजून घरूनच काम करतो. प्रत्येक प्रूफ तो दोनदा वाचतो. दुसऱ्यांदा फक्त ‘ण’ बघतो.