ओळ टाकणारं कुणी हवं

एसी काळी चारच्या सुरात वाजतोय की पांढरी पाचच्या, हे नुसतं ऐकून सांगणारा माणूस अख्ख्या सौदी अरबस्तानात एकच होता, आणि तो आमचा एसीवाला मामा. मामा म्हणजे सख्खा नव्हे. माझ्या माहेरची वाडी आणि त्यांची वाडी यांच्यामध्ये एक वहाळ आणि दोन खडकाळ सडे आहेत. कोकणात मामा व्हायला एवढं नातं पुरतं. मी थुवालला, समुद्राकाठच्या मोठ्या विद्यापीठाच्या आवारात, एका मराठी प्राध्यापिका बाईंच्या घरी स्वयंपाकाला आहे. आल्याच्या पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातला एसी गळायला लागला. बाईंनी तक्रार नोंदवली, आणि दुपारी खांद्यावर शिडी घेतलेला एक उंच, हडकुळा माणूस दारात उभा राहिला. बेल वाजवली नाही, हाक मारली नाही. नुसता उभा. मी कचरा टाकायला दार उघडलं तेव्हा कळलं की तो अर्धा तास तिथेच आहे. मी "या" म्हटल्यावर आत आला, नाक वर केलं आणि म्हणाला, "या, हो या! कुळथाची पिठी काय गो?" मी मान हलवली. "गाव कुठलं?" मी सांगितलं. "मग मी तुझा मामा," असं म्हणून त्यांनी शिडी लावली आणि वर चढले.

त्यांचं एसी दुरुस्त करणं बघण्यासारखं असायचं. इतर मेकॅनिक आल्याबरोबर स्क्रू काढायला लागतात. मामा आधी भिंतीला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि एसीच्या सुरात सूर मिसळून एक लांब 'आ' लावायचे. मग डोळे उघडून आजारी माणसाबद्दल बोलावं तसं हळू म्हणायचे, "अर्धा सूर उतरलाय गो. ग्यास कमी हाय." नंतर मीटर लावायचे ते फक्त वरच्या साहेबाला दाखवायला. मीटर दर वेळी मामांच्या बाजूने बोलायचं. एकदा बाईंच्या दिवाणखान्यातला एसी अगदी ठणठणीत असताना मामा त्याच्याखाली दहा मिनिटं उभे राहिले. बाई घाबरून म्हणाल्या, "काय झालंय त्याला?" मामा म्हणाले, "त्याला? काय नाय झालेलं. चांगला गातोय, म्हणून ऐकतोय."

पण त्यांची खरी सवय वेगळीच होती. मामा कधीच काही सुरू करायचे नाहीत. पान वाढलं तरी दुसऱ्याने पहिला घास घेतल्याशिवाय हात लावायचे नाहीत. फोन स्वतः करायचे आणि आपण "हॅलो" म्हणेपर्यंत गप्प राहायचे. आणि आपण बोललो की आपल्या वाक्याचं शेपूट धरून ते जरा वरच्या पट्टीत परत म्हणायचे. मी म्हणायची, "मामा, चहा घ्या." "घ्या, हो घ्या!" बाई म्हणायच्या, "उद्या शुक्रवार, सुट्टी." "सुट्टी, हो सुट्टी!" बाईंना महिनाभर वाटत होतं की हा माणूस आपली नक्कल करतो. त्या रागावून मला म्हणाल्या, "तुझ्या मामांना सांग, मला हे आवडत नाही." मी अंग चोरून, पदराशी चाळा करत कसंबसं मामांना सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा कळलं. मामा ओशाळून म्हणाले, "अगो, मी झिलकरी ना! तोंडाला सवय लागली."

झिलकरी म्हणजे काय ते आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. जाखडीच्या नाचात, नमनाच्या खेळात शाहीर ओळ टाकतो आणि मागची माणसं तिचं टोक उचलून वर नेतात, ती झील. मामांचा थोरला भाऊ शाहीर होता. मामा बारा वर्षांचे असल्यापासून भावाच्या मागे कानावर हात ठेवून झील धरत आले. भावाची ओळ संपायच्या आत, श्वासभर आधी, ते उचलायचे. पंचक्रोशीत म्हणायचे की त्या दोघांच्या मध्ये सुई घालायला जागा नाही. मग भाऊ वारला. तोवर मामा इकडे आलेले होते. वाडीतली पोरं मुंबईला गेली, गणपतीत मोठमोठे स्पीकर आले, आणि फड मोडला. "शाहीर एकटा गाऊ शकतो," मामा मला एकदा म्हणाले. "झिलकरी एकटा काय करणार? माझ्याकडं सगळ्या झिली हायत, ओळ एक पण नाय."

आता गोष्ट त्या गाणाऱ्या मुलांची. आवारातल्या विद्यार्थ्यांचा एक गट आहे. ते नुसत्या गळ्यावर गातात. पेटी नाही, तबला नाही, काही नाही. एकजण तोंडानेच ढोल वाजवतो, दोघं पोटातून घुमवतात, बाकीचे गातात. त्याला ते अकापेला म्हणतात. एके दिवशी मामा त्यांच्या तालमीच्या खोलीवर, छताच्या आत, हवेच्या नळाशी पालथे पडून काम करत होते. खाली मुलं गात होती. कुठल्या भाषेतलं गाणं कोण जाणे, पण ओळ संपत आली आणि मामांना राहवलं नाही. छतातून झील आली. खाली पंधरा माणसं एकदम गप्प. मग त्यांची पुढारीण, कुरळ्या केसांची मेक्सिकोची मुलगी, खुर्चीवर चढली, छताची फळी बाजूला केली आणि आत डोकं घालून काहीतरी म्हणाली. त्यांच्यात तोंडाने ढोल वाजवणारा मुलगा इथल्याच जिद्दा शहरातला आहे. लहानपणी घरच्या ड्रायव्हरकडून तो हिंदी शिकला. तो खालून ओरडला, "चाचा, ये बोलती है ऊपर कौन गाता है? नीचे आओ, ऑडिशन दो!" ऑडिशन वर्षातून दोनदा असतं, आणि आवारात राहणारा, काम करणारा कुणीही देऊ शकतो. मामा धुळीने माखलेले आमच्याकडे आले. मी "काय झालं?" विचारेपर्यंत गप्प राहिले आणि मग सगळं सांगितलं. वर म्हणाले, "त्यात नवीन काय हाय? आपल्याकडं ढोलकीवाला पिऊन झोपला की आपण हेच करतो."

पहिल्या ऑडिशनला मामा डोक्याला तेल चोपडून, इस्त्रीचा सदरा घालून गेले. परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. बाईंनी विचारलं, "काय गायलात?" मामा म्हणाले, "काय नाय. उभा राहिलो." त्या मुलांनी त्यांना मध्ये उभं केलं आणि म्हणाले, गा. मामा कानावर हात ठेवून वाट बघत राहिले. मुलं मामांची वाट बघत राहिली. पाच मिनिटं झाली, वेळ संपली. "कुणी ओळच टाकली नाय," मामा म्हणाले. बाई हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मी हसू दाबून मामांसाठी चहा ठेवला.

दुसऱ्या वेळी बाईंनी मनावर घेतलं. आठवडाभर त्यांनी मामांना दिवाणखान्यात उभं करून स्वतः सुरू करायचा सराव दिला. "एक, दोन, तीन, गा!" मामा म्हणायचे, "गा, हो गा!" शेवटी बाईंनी युक्ती काढली, की एसीलाच शाहीर समजा. त्याचा सूर धरा आणि सुटा. घरी ते जमलं. मामा एसीकडे बघून चार ओळी छान गायले. ऑडिशनच्या दिवशी त्यांनी खोलीतल्या एसीचा सूर ऐकला, तोंड उघडलं, आणि थांबले. म्हणाले, "हा उतरलाय." मग शिडी मागवली, हत्यारं मागवली. त्यांची पाच मिनिटं आणि पुढच्या तिघांची पंधरा मिनिटं गॅस भरण्यात गेली. खोली मात्र अशी गार झाली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिद्द्याचा मुलगा म्हणाला, "चाचा, एसी पास, आप फेल."

त्यानंतर मामांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायला आला. वय झालं म्हणून कंपनी पुढे वाढवणार नव्हती. सहा महिन्यांनी कायमचं घरी. तिसरं ऑडिशन त्याच्या आधी तीन महिने होतं. एका दुपारी ते चहाला आले आणि बशीत बघत म्हणाले, "भाची, तू ओळ टाकशील काय?" हे त्यांनी मी न विचारता म्हटलं, यावरूनच काय ते समजावं. मी म्हटलं, "मामा, मी? मी बकाल्याच्या दुकानातही साबण बोटाने दाखवून घेते. दुकानदाराला मी मुकी वाटते." "वाटते, हो वाटते," मामा म्हणाले, पण वरच्या पट्टीत नाही. मग म्हणाले, "गावी आता कोण ओळ टाकणार? एकदा चार माणसांत झील धरायची होती. एकदाच. मग खलास." मी "नाही" म्हटलं. नंतर रात्रीच्या भाकऱ्या जाड झाल्या, आणि बाईंनी विचारलं तरी कारण सांगितलं नाही.

ऑडिशनच्या संध्याकाळी मी घावणे केले आणि डब्यात भरून निघाले. बाईंना म्हटलं, मामा उपाशी असतील. बाईंनी माझ्या हातातला डबा घेऊन त्याला नीट रुमाल बांधला आणि परत दिला. मी त्या खोलीच्या दाराशी पोचले तेव्हा मामा मध्ये उभे होते आणि मुलं अर्ध्या गोलात बसली होती. कुरळ्या केसांची मुलगी म्हणाली, "प्लीज स्टार्ट." "स्टार्ट, हो स्टार्ट!" मामा म्हणाले. मुलं हसली. मामांनी हात कानावर ठेवला आणि मान थोडी डावीकडे वळवली. डावीकडे कुणीच नव्हतं. पण मी लहानपणी आमच्या वाडीत असे फड बघितलेले होते, त्या जागी शाहीर उभा असतो. तिथे त्यांचा भाऊ असायचा.

एक मिनिट गेलं. मुलीने घड्याळाकडे बघितलं. एसी सुरात होता, मामांनीच तर केलेला. माझे पाय दाराबाहेर होते. तोंड कसं उघडलं ते मला आजही सांगता येणार नाही. डबा छातीशी धरून, जमिनीकडे बघत, आमच्याकडे गणपतीत म्हणतात ती ओळ मी टाकली:

"तारू लागलं बंदराला, दिवा दिसला घरचा गं..."

माझा 'गं' पुरा व्हायच्या आत, श्वासभर आधी, मामांनी तो उचलला. "घरचा गं, हो दिसला घरचा गं!" एवढ्या हडकुळ्या माणसात एवढा आवाज कुठे ठेवलेला होता देव जाणे. खिडकीच्या काचा झणझणल्या. मी दुसरी ओळ टाकली, मामांनी ती नेली. तिसरीला जिद्द्याच्या मुलाने तोंडाने ढोलकी धरली, पोटातून घुमवणारे घुमू लागले, आणि पाचव्या ओळीला ती सगळी परदेशी मुलं "घरचा गं" म्हणत होती. गाणं संपलं तेव्हा मी पूर्ण खोलीच्या आत होते. कधी आले, माहीत नाही.

ती मुलगी डोळे पुसत काहीतरी बोलली. जिद्द्याचा मुलगा म्हणाला, "चाचा पास. लेकिन बोलती है, आंटी भी चाहिए. दोनों, नहीं तो कोई नहीं." मी मान हलवून मागे सरकले. मामांनी माझ्याकडे बघितलं. काही म्हणाले नाहीत, सुरुवात करणारे ते नव्हतेच. शेवटी मीच म्हटलं, "बरं." "बरं, हो बरं!" सगळी मुलं एकदम ओरडली. तेवढ्यात त्यांनी मामांची सवय उचलली होती.

दोन महिने आम्ही दर आठवड्याला तालमीला गेलो. मामांनी त्या मुलाला ढोलकीचे बोल शिकवले, आणि मेक्सिकोच्या मुलीला 'गं' नाकातून कसा काढायचा ते शिकवलं. तालमीत ते फळ्याकडे बघायचे नाहीत, कागदाकडे बघायचे नाहीत, फक्त माझ्या तोंडाकडे बघायचे. घावणे मात्र मला दर वेळी पंधरा जणांचे करावे लागले. कार्यक्रमाच्या दिवशी मी सगळ्यांच्या मागे, मामांच्या पाठीआड उभी राहिले. तिथून मला लोक दिसत नव्हते आणि लोकांना मी दिसत नव्हते. ओळ मात्र सगळ्यांना ऐकू गेली असं बाई म्हणतात. बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की दुसऱ्या दिवशी त्यांना खडू धरवेना. कार्यक्रमानंतर मामा माझ्याबरोबर घराकडे निघाले. दाराशी आलो, आणि त्यांनी पुढे होऊन आपल्या हाताने बेल वाजवली. मी बघतच राहिले. "चहा टाक गो," ते म्हणाले.

महिनाभराने त्यांच्या पासपोर्टवर कायमचं घरी जायचा एक्झिटचा शिक्का लागला आणि ते गावी गेले. आता दुसराच मेकॅनिक येतो. चांगला आहे बिचारा, आल्याबरोबर बेल वाजवतो आणि लगेच स्क्रू काढतो. दिवाणखान्यातला एसी जरा उतरल्यासारखा वाटतो, पण मी कुणाला सांगत नाही. मला काय कळतं त्यातलं.

शुक्रवारी सकाळी बाई उशिरा उठतात. तेवढ्यात मी फोन तोंडाशी धरून एक ओळ म्हणते आणि मामांना पाठवते. त्यांच्या वाडीत रेंज नाही. तिकडे दुपार कलल्यावर ते गुरं आणायला सड्यावर चढतात, तेव्हा ओळ त्यांना मिळते. ज्या माणसाची झील जन्मात कधी एका श्वासानेही उशिरा आली नाही, त्याच्या झिलीची मी आता नाश्ता, स्वयंपाक, जेवणं, भांडी होईपर्यंत वाट बघते. मग फोन थरथरतो. मी हात पुसते. आधी नुसता वारा ऐकू येतो, मग एखादी गाय हंबरते, आणि मग लांबून, वरच्या पट्टीत, मामा: "घरचा गं, हो दिसला घरचा गं..."