चार कप चहाचा माणूस

त्या मंगळवारी सकाळी मी हातात छत्री घेऊन चालले होते. टेक्सासमधल्या या अर्विंगमध्ये कित्येक दिवसांत पावसाचा टिपूस नव्हता आणि ऊन तर असं की रस्त्याचं डांबर पायाला मऊ लागावं. आमच्या बिल्डिंगमधला नागपूरचा मुलगा गाडी काढता काढता म्हणाला, "काकू, छत्री कशाला? ड्रॉप करू का तुम्हाला कुठे?" मी म्हटलं, "नको रे, नाटकाला लागतेय." आदल्या दिवशीच सिरिलकाकांनी मला बजावलं होतं, उद्या खरी छत्री आण, लाटण्यालाच छत्री समजून आणखी किती दिवस काढणार... म्हणून आमच्या लेकीची, आर्याची, निळी छत्री घेऊन मी त्यांच्या गल्लीत वळले, तर क्लेअरची गाडी दारातच. क्लेअर म्हणजे त्यांची मुलगी. एव्हाना ती ऑफिसात असायची. ती अनवाणी पायरीवर उभी होती. दारापुढं पोलिसांची गाडीही होती, पण दिवे बंद. क्लेअर माझ्याकडं न बघता छत्रीकडं बघत म्हणाली, "डॅड सकाळी उठलेच नाहीत."

मला त्या वाक्याचा अर्थ लगेच कळला आणि तरी तो आत शिरेना. आज इतके आठवडे झाले, अजून पुरता शिरलेला नाही. आदल्या सकाळी हा माणूस स्वयंपाकघरात उभा राहून मला सांगत होता, की नाटकाच्या प्रवेशातून बाहेर जाणाऱ्यानं दार ओढून घ्यायचं की उघडं टाकायचं, यावर हसू येणार की नाही ते ठरतं. दोन्ही प्रकारे बाहेर जाऊन दाखवलं होतं. आणि तोच माणूस असा, कुणाला काही न सांगता, झोपेत...

मी कोण आणि हा इंग्रज माणूस माझा कोण, ते सांगते. माझे मिस्टर आचारी म्हणून इथं आले, त्यांच्या मागोमाग मी आणि आर्या. माझी शाळा आठवीत सुटलेली. घरात धाकटी भावंडं होती, त्यांना सांभाळायला कुणीतरी हवं होतं, ती मी झाले. इथं आल्यावर एका देशी दुकानात गरम पोळ्यांच्या काउंटरला लागले. काम चांगलं, माणसंही चांगली. पण भीती माझी मलाच. इंग्रजीत तोंड उघडलं तर चुकेल, चुकलं तर कुणीतरी कागदं मागेल, कागदं बघितली तर आपल्याला परत पाठवतील, अशी साखळी डोक्यात सारखी फिरायची. फोन वाजला तरी मी आर्याला उचलायला लावायची. ती म्हणायची, "आई, they won't deport you for grammar यार." तिचं बरोबर होतं, पण भीतीला ते कुठं कळतं?

तिथं एक दिवस काउंटरपलीकडं एक उंच, वाकलेला गोरा म्हातारा बराच वेळ उभा राहिलेला दिसला. पोळ्या घेऊन झाल्या तरी जाईना. मी वर बघितलं, तर त्याचे रिकामे हात हवेत पोळी लाटत होते. हुबेहूब माझे हात. मी पोळी फिरवताना नकळत उजवी भुवई उडवते, ती भुवईसुद्धा त्यानं उडवली. मला इतकं हसू आलं की तव्यावरची पोळी करपली. दुकानात इतक्या मोठ्यानं मी कधी हसले नव्हते. पुढच्या महिन्यात क्लेअर विचारायला आली, सकाळच्या वेळी घरी येऊन वडलांचा स्वयंपाक कराल का, सोबतही होईल. मी मिस्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुला हसवतोय ना म्हातारा? मग जा."

सिरिलकाका इंग्लंडात एवढे प्रसिद्ध होते हे मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं. आर्यानं नेटवर नाव टाकलं आणि ओरडत आली, "आई, तू ज्यांना भेंडी खायला घालतेस ना, he's actually famous!" पडद्यावर तरुण सिरिलकाका. केस चापून बसवलेले, रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसातले कारकून. ही टीव्हीवरची मालिका त्यांनीच लिहिलेली आणि मुख्य कामही त्यांचंच. त्यातला तो कारकून कुणाची कुठलीच वस्तू परत करत नाही. मालक समोर उभा असतो, वस्तू फळीवर दिसत असते, आणि हा शांतपणे म्हणतो, "वस्तू सापडली आहे. आता मालक सापडला पाहिजे." म्हणे हे वाक्य लोक त्यांना बाजारात गाठून ऐकवायचे. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तुम्ही एवढे मोठे, सांगितलं का नाही? म्हणाले, "सांगणार कसं? तोंडात तुझी भेंडी होती."

हळूहळू बाकीचंही कळत गेलं. उत्तर इंग्लंडातल्या गिरणीच्या गावात वडील खाटीक. अभ्यासात लक्ष नाही म्हणून शाळेतून लवकर काढून बुटांच्या दुकानात चिकटवलं. तिथला मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, बूट बरोबर आहे, तुमचा पाय चुकलाय. एका संध्याकाळी गिरणी कामगारांच्या क्लबात सिरिलकाकांनी मालकाची नक्कल केली. मालक समोरच्याच रांगेत. हसून हसून तो खुर्चीवरून घसरला आणि नंतर पाठ थोपटून म्हणाला, "असा एक माणूस माझ्याही ओळखीचा आहे." सिरिलकाका सांगायचे, तेव्हाच कळलं की आता आपल्याला आयुष्यभर काम मिळणार, कारण स्वतःला कुणीच ओळखत नाही. मग समुद्रकाठच्या गावांतले उन्हाळी खेळ, रेडिओ, मग ती मालिका. एक दिवस वर नवे साहेब आले आणि त्यांनी ती बंद केली. पुढची बरीच वर्षं त्यांनी दुसऱ्यांसाठी विनोद लिहिले, अमेरिकन सिनेमांत नोकराचं काम केलं. दार उघडायचं, गाडी आली म्हणायचं, दार लावायचं. त्याबद्दल त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसायचा. बायको गेल्यावर मात्र घर खायला उठलं, तेव्हा क्लेअरनं त्यांना टेक्सासला आणलं.

"शाळा कुठवर?" असं त्यांनी मला विचारलं होतं, तेव्हा मी मान खाली घालून आठवी म्हटलं. "अरे वा," म्हणाले, "मी पण जवळपास त्याच स्टेशनावर उतरलो." कुणी माझी आठवी अशी हातात हात दिल्यासारखी घेतली नव्हती.

त्यांची लिहायची रीत वेगळी होती. पहिल्यांदा सांगितलं, चार कप चहा कर. मी केला आणि विचारलं, पाहुणे कधी येणार? म्हणाले, "आलेत." जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या, प्रत्येकीसमोर एक कप. मग ते या खुर्चीतून त्या खुर्चीत बसत, त्या त्या माणसाच्या आवाजात बोलत आणि त्याच्याच कपातला घोट घेत. कारकून फुर्रकन प्यायचा, साहेब करंगळी वर करून, सामानवाला हमाल बशीत ओतून. सगळा प्रवेश बोलून झाला की उठून कप तपासायचे. ज्याचा कप भरलेला राहिला त्याला प्रवेशातून काढून टाकायचं. "तो चहा प्यायला नाही, म्हणजे त्याला इथं काही काम नव्हतं." मी म्हटलं, काका, दूध वाया जातंय. तेव्हापासून उरलेला कप मला प्यावा लागायचा, आणि आमच्या घरी रात्री मला झोप यायची नाही.

गेल्या वसंतात इथल्या लायब्ररीच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या मंडळींच्या नाटक ग्रुपनं एक संध्याकाळ ठरवली आणि सिरिलकाकांनी त्यासाठी जुन्या कारकुनाचा नवा प्रवेश लिहायला घेतला. त्यात छत्री मागायला आलेली एक बाई होती. त्या बाईच्या खुर्चीत बसून त्यांचा गुडघा दुखायला लागला, म्हणून एक दिवस मला म्हणाले, जरा बस इथं. मी पदराला हात पुसत बसले. कारकून होऊन त्यांनी विचारलं, ही छत्री तुमचीच कशावरून? मला वाक्य सांगितलेलंच नव्हतं. घाबरून जे इंग्रजी सुचलं ते बोलले, "गळते ती." कारकून म्हणाला, "इथल्या सगळ्याच गळतात." मी म्हटलं, "मग सगळ्या माझ्या."

ते थांबले. हसले नाहीत. पेन शोधायला लागले. मग म्हणाले, ही बाई तूच करणार. मी रडकुंडीला आले. चुकले तर? इतक्या लोकांसमोर? त्यांनी माझ्या कपात थोडा चहा ओतला. "अगं, माझं अख्खं घर माणसांच्या चुकण्यावर चाललंय. तू चुकलीस तर ग्रुपवर उपकार होतील." मी नको नको म्हणत होते आणि रोज सकाळी त्या खुर्चीत बसतही होते. भीती तशीच होती. पण तिच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं. मला ते वाक्य लोकांपुढं बोलायचं होतं. आयुष्यात एकदा.

आणि त्या मंगळवारी मी छत्री घेऊन त्यांच्या दारात उभी.

आत दोन पोलीस होते. घरात कुणी असं गेलं की इथं त्यांना यावंच लागतं. आपल्याकडं त्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलंभात आणून देतात. पण क्लेअर म्हणाली, "चहा करशील?" मी दोन क्षण थांबले आणि गॅस लावला. हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. चहा झाला, तो मी रोजच्या सवयीनं चार कपांत ओतला आणि चार खुर्च्यांसमोर ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं. क्लेअर एका खुर्चीत बसली, ते दोन धिप्पाड पोलीस कमरेचे पट्टे सावरत दुसऱ्या दोन खुर्च्यांत बसले. आल्याचा चहा त्यांना नवा होता, तरी गुमान प्यायले. कारकुनाच्या खुर्चीसमोरचा कप तसाच. एका पोलिसानं हळूच विचारलं, "हा कुणाचा?" मी उभीच होते. भरलेल्या कपाचा नियम त्या खोलीत मला आणि क्लेअरलाच माहीत होता. तिनं लहानपणापासून पाहिलेला. पोलीस बाहेर गेले, वरच्या खोलीतून काकांना नेलं, आम्ही पायरीपर्यंत गेलो, परत आलो. कप होताच. साय धरलेला, थंडगार. मी सिंककडं न्यायला उचलला, तर क्लेअरनं माझ्या हातातून घेतला आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. तळाची पावडरसुद्धा.

चार दिवसांनी तिचा फोन आला. आर्या घरी नव्हती, मलाच उचलावा लागला. क्लेअर म्हणाली, ग्रुपला प्रवेश करायचा आहे, कारकून मी करते, मला तो पाठ आहे, बाई तू कर. मी म्हटलं, सुतक आहे. ती शब्दाला अडली, मी समजावलं, आमच्यात असं हसणं-हसवणं करत नाहीत इतक्यात. मग म्हणाली, "आमच्यात पण जमत नाही. पण तू नाही म्हणालीस तर त्या बाईचा कप भरलेला राहील."

मी गेले. हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांची गर्दी, मागच्या रांगेत मिस्टर कामाच्या शर्टातच, शेजारी आर्या. मला लोकांचे चेहरे दिसत नव्हते. क्लेअर वडलांची टोपी घालून काउंटरपलीकडं बसलेली. "ही तुमचीच कशावरून?" मी म्हटलं, "गळते ती." थोडं हसू आलं. ती म्हणाली, "इथल्या सगळ्याच गळतात." आणि माझ्या डोक्यातून पुढचं वाक्य पुसलं गेलं. माझंच वाक्य. मी आ वासून तिच्याकडं बघत राहिले. लोकांना वाटलं मी मुद्दाम थांबलेय. मी थांबले नव्हते, मी अडकले होते. एक जण हसला, मग चार, मग हसू वाढतच गेलं आणि मी तशीच. क्लेअरनं, हे लिहिलेलं नव्हतं, आपला चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. मी एक घोट घेतला. हसू उतरायला लागलं, आणि मी म्हटलं, "मग सगळ्या माझ्या."

त्यानंतर जे झालं त्यानं मी हबकले. एवढा मोठा हशा मी कधी अंगावर घेतला नव्हता, आणि पहिला विचार आला, काकांना सांगायला पाहिजे. तिथं उभ्या उभ्या मला ते गेल्याचं कळलं. त्या मंगळवारी कळलं नव्हतं, त्यांना नेलं तेव्हाही नाही. लोक हसत होते तेव्हा कळलं. बाहेर जाताना दार ओढून घ्यायचं होतं की उघडं टाकायचं होतं, तेही आठवेना. उघडंच राहिलं. त्यावरही हसले.

क्लेअरनं माझं काम बंद केलेलं नाही. तिला एकटीला जेवायला करून घालायचं ते काय, पण मी जाते. परवा ती म्हणाली, कारकुनाची खुर्ची दुरुस्तीला टाकते, फार हलते. तेव्हा मी खाली वाकून पहिल्यांदा नीट बघितलं. मागचा एक पाय बारीक कानशीनं घासून आखूड केलेला होता. कारकून बोलता बोलता कलंडायचा आणि पट्कन टेबलाची कड धरायचा, त्यावर मी किती हसले असेन. ते अभिनय करत नव्हते, खरंच पडत होते. क्लेअरलाही माहीत नव्हतं. ती जमिनीवर बसून त्या पायावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू बस ना. आज जेव माझ्याबरोबर."

त्या घरात मी आजवर जेव्हा जेव्हा खुर्चीत बसले, ती छत्री मागायला आलेली बाई म्हणून. मी दोन ताटं वाढली आणि कारकुनाच्या खुर्चीत बसले. ती डावीकडं कलंडली. माझा हात आपोआप टेबलाच्या कडेला गेला.